आडवा धूर

"आज धूर झोपला हाये, सूनबाई. मले नको पाठवू," मामाजी मागच्या पौषात म्हणाले होते. प्रणिताचे सासरे, रिटायर्ड पोस्टमन. रोज पहाटे गच्चीवर उभं राहून ते गावाबाहेरच्या वीजकेंद्राची चिमणी बघायचे. धूर सरळ वर चढत असला तर फिरायला जायचं, आडवा पसरला असला तर दार लावून आत बसायचं, हे त्यांना दम्याने शिकवलेलं. प्रणिता बीएस्सी झालेली. पहाटेच्या ताज्या हवेबद्दल तिने वाचलेलं. तिने बूट दारात ठेवले, मफलर हातात दिला आणि वर म्हणाली, कंटाळा करू नका. अर्ध्या तासात मामाजींना मैदानाच्या कट्ट्यावरून उचलून आणावं लागलं. चौथ्या दिवशी ते दवाखान्यातच वारले.

आता पुन्हा हिवाळा. दुपारची वेळ. तिचा पाच वर्षांचा ओजस कुशीत निजलाय, छातीत बारीक सूं सूं चालू आहे. उद्या पहाटे साडेसहाला मैदानावर शाळेची कवायत, हजेरी सक्तीची. इस्त्री केलेला गणवेश खुर्चीवर ठेवलाय. ती सूं सूं ऐकत पडते, मोजत नाही असं स्वतःला सांगते, आणि तिचे डोळे जड होतात.

खुर्चीवर गणवेशाऐवजी मामाजी बसलेत. पायात बूट.

"अजून काढले नाहीत?"

"तूच घालून देल्ले. कोन काढन?"

ती वैतागते. भाजीत मीठ कमी पडलं की घर डोक्यावर घ्यायचात, मग त्याच दिवशी एकदा नको म्हणून गप्प का बसलात, असं त्यांना खडसावून विचारते.

"घरात बीएस्सी तू. मी पोस्टमन."

उत्तर द्यायला ती उठते तर पाय गवतावर पडतात. पलंग मैदानाच्या मधोमध आहे. कोपऱ्यात झाडूवाला पाचोळा पेटवतोय. ती ओरडते तर तो हसून म्हणतो, एवढ्याशा धुराने काय होतं ताई. गणवेशातली मुलं रांगेने बसलीत, प्रत्येकाच्या तोंडावर वाफेचा मास्क, आणि रांगेच्या टोकाला डॉक्टरांचं टेबल. हवामान बदललं की व्हायचंच, असं डॉक्टर मान वर न करता सांगतात. हवामान, हवामान. चिमणीचं नाव कुणाच्याच तोंडून कसं निघत नाही? ती टेबलावर हात आपटते, तो स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यावर आपटतो. कट्ट्यावर चिमणीच्या राखेचा थर.

"सकाळीच पुसलं होतं मी," ती चिडून म्हणते.

"मी बी पुसत होतो. रोज."

मामाजी थरातून बोट फिरवतात आणि झोपलेल्या ओजसच्या कपाळावर ओढतात, देवळातून आणलेला अंगारा लावावा तसं.

"देवळाचा आनाले जा लागते. हा घरपोच येते. सही बी लागत नाही."

तिला हसू येतं, आणि हसू आल्याचा राग येतो. उद्या त्याला पाठवू की नको, ती विचारते. मामाजी वाकून बुटाची नाडी सोडू लागतात.

"मले काय इचारते? पोराले इचार. मले बी इचारलं नव्हतं तू."

ती जागी होते. घड्याळात चार. ओजस उठून बसलाय, आणि त्याच्या कपाळावर बोटभर राखाडी रेघ आहे. खिडकी दुपारपासून बंद. ती स्वतःची बोटं उलटसुलट बघते. स्वच्छ आहेत.

रेघ न पुसता ती त्याला विचारते, कवायतीला जायचंय का रे?

"तिथे उभं राहिलं की छाती आवळते," ओजस म्हणतो. "मी टीचरना सांगितलं होतं."

"मग?"

"टीचर म्हणाल्या, कंटाळा करू नको."

प्रणिता गणवेश उचलून कपाटात ठेवते आणि शाळेला फोन लावते. बाई हजेरीचं ऐकवू लागतात तेव्हा ती ऐकून घेते आणि तरीही, उद्या येणार नाही, एवढंच म्हणते.

तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, खिशात दम्याचा पंप ठेवून फिरणारं कुणी असेल. आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन या. छाती कशी आहे विचारा, पंपात औषध उरलंय का बघा. आणि उद्या सकाळी ते नको म्हणाले, तर दारातले त्यांचे बूट उचलून आत ठेवा.