आरतीत वाजलेला फोन

त्या वर्षी गणपती बसले त्या सकाळी माझं देवाशी भांडणच झालं. नळाला पाणी नाही, लाइट गेलेली, आणि एकवीस मोदकांची उकड काढायची. मखराकडे बघून मोठ्याने म्हटलं, "येतोस तर पाणी घेऊन यायचं होतंस! तुला काही काळजी आहे का आमची?" जीभच अशी माझी, काय करू.

तेवढ्यात दारात सुखदेव. आमच्या मागच्या खोलीत राहणारा, बिहारचा, नाक्यावरच्या कापड कारखान्यात लूम चालवणारा. रात्रपाळी करून आला तो टँकरच्या रांगेत उभा राहून दोन हंडे भरूनच. मी म्हटलं, "अरे, देवच पावला!" तो कसनुसं हसला. "अम्मा, हमारे गाँव में तो पानी घर में घुसा है. माँ का कुछ पता नहीं."

तिकडच्या कोसी नदीचा पूर आम्ही टीव्हीवर चहा पिता पिता बघत होतो. त्याची आई त्यातच होती, आणि हा गप्प राहून ड्युटी करत होता. मोबाइल नव्हता त्याच्याकडे. गावी आमचाच नंबर दिलेला. मी फोनकडे बघितलं. रिसीव्हर बाजूला काढलेला! आरतीत घंटी वाजू नये म्हणून तो काढून ठेवायची आमच्या घरची रीत. आदल्या संध्याकाळी देवघरातल्या आरतीला काढला आणि सणाच्या धांदलीत परत ठेवायचा राहिला.

लपवावं असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू? पण सांगितलं. सुखदेवने हंडे आत आणून ठेवले. मग म्हणाला, "फिर आएगा, अम्मा. भगवान के घर देर है." उलट मलाच धीर!

दुपारी आरतीला उभे राहिलो तर हे म्हणाले, "फोन जागेवर ठेवलास? मध्येच वाजेल की!"

"वाजू दे. वाजावा म्हणूनच ठेवलाय."

देवाकडे त्या दिवशी मी काहीच मागितलं नाही. म्हटलं, तुझं तू बघ. आणि आरती निम्मी झाली असेल, फोन वाजला. सुखदेवच्या हातात झांजा तशाच राहिल्या.

तिकडच्या पूरग्रस्तांच्या छावणीतले कुणी मास्तर बोलत होते. रात्री दोनदा लावला, लागला नाही, तरी म्हातारीच्या पदराला बांधलेली नंबरची चिठ्ठी त्यांनी जपून ठेवलेली. मग आई स्वतः बोलली. काय विचारलं असेल? "खाना खाया?" सुखदेव तिथेच जमिनीवर बसून रडला.

ती जमीन कोरडी होती, हे मला तेव्हा दिसलं. हंडा भरलेला होता, घरातली सगळी माणसं डोळ्यांसमोर उभी होती. सकाळी मी कशावरून भांडत होते!

ती आरती पुरी झालीच नाही. देव रागावला असेल असं मला वाटत नाही. त्या मास्तरांचं नाव मला ठाऊक नाही, पण तेव्हापासून मोदक बावीस करते. एक त्यांचा. आणि आरतीला फोन जागेवरच असतो.