पाटलांचा रेडिओ आणि सुखदेवभाऊची पाटी

रेडिओच्या दुकानात बसणाऱ्या माणसाजवळ स्पेअर पार्ट कमी आणि किस्से जास्त जमतात. व्हॉल्व पाहिजे म्हटलं की अकोल्याकडं डोळे लावून बसा! किस्सा मात्र गिऱ्हाईक स्वतःच पिशवीत घालून आणतं, आणि वरून विचारतं, "कवा भेटन?"

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी शेलूबाजारला सुखदेवभाऊच्या दुकानात कामाला होतो. तो रेडिओ उघडायचा, मी कथलाचा डाग द्यायचो आणि गिऱ्हाइकाशी बोलायचो. बोलायचो कसलं, तोंडाचा आ करून ऐकायचो!

सुखदेवभाऊ आयटीआय शिकलेला. बापानं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबून त्याला शिकवलं. दुकानावरची पाटी त्यानं स्वतः रंगवली होती, बापाच्या नावासकट. त्यांच्या अख्ख्या घराण्यात कोणाचं नाव असं रस्त्यावर लिहिलेलं पहिलंच. म्हातारा बाजाराला आला की आधी पाटीखाली उभा राहायचा, मग भाजी घ्यायचा. वाचता येत नव्हतं, तरी उभा राहायचा.

सुखदेवभाऊचा नियम एकच. "रेडिओ मेला म्हनून कोनी सांगतलं तर ऐकू नको. आधी बटन पाह्य, मंग पिना पूस, मंग सेल पाह्य. पेचकस सगळ्यात शेवटी."

* * *

अनसिंगकडची एक आजी ट्रान्झिस्टर घेऊन आली. छातीशी धरलेला, लेकरासारखा. "बोलतच नाही बाप्पा. कालपासून मुका झाला."

मी मागचं झाकण काढलं आणि हात मागं घेतला. आतले सेल काळेठिक्कर! फुगलेले, फुटलेले, सगळीकडं चिकट पाणी.

"आजी, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? सेल उतरले की उनात ठेवते ना सारं गाव? मंग चालते ना चार दिवस?"

"चालतात. पण हे उनानं झालेलं नाही."

"आभाळ होतं ना बापा! ऊन कुठून आनू? तव्यावर ठेवले."

मी सुखदेवभाऊकडं बघतो, सुखदेवभाऊ माझ्याकडं. घरात लेकरं असतील, चुलीसमोर बसलेली असतील... एखादा सेल उडाला असता तर!

आजीला वाटलं आम्ही रागावलो. घाईघाईनं म्हणाली, "तेल नाही टाकलं बरं!"

* * *

आता भगवंतराव पाटलांचं सांगतो. दोन कोसावरच्या गावचे मोठे जमीनदार. त्यांचा रेडिओ लाकडी, व्हॉल्वचा, विजेवरचा. बकरीएवढं धूड! बैलगाडीत गादी टाकून आणायचे.

"बोलत नाही," पाटील म्हणाले.

आम्ही बटन पाहिलं, प्लगच्या पिना पुसल्या, लावला. थोडा वेळ तापला, समोरचा हिरव्या दिव्याचा डोळा उघडला आणि गाणं सुरू! पाटील खूश. गाडी गेली.

पुढच्या आठवड्यात गाडी परत दारात! "घरी नेला की बोलत नाही."

पुन्हा पिना पुसल्या, लावला. गाणं! लोक हसायला लागले. पाटलांचं तोंड उतरलं.

"घरी लाईट नसन पाटील," सुखदेवभाऊ म्हणाला.

"लाईट नाही? अबे, बलब लखलखते डोक्यावर!"

मग असंच सुरू झालं. इथं गातो, तिथं मुका. सुखदेवभाऊनं रेडिओ पूर्ण खोलला, एकेक जोड पुन्हा डागला, एक व्हॉल्व बदलून पाहिला. आमच्या दुकानात तो रेडिओ दिवसदिवस कोकलायचा. पाटलांच्या घरी गेला की मेला! मला तर बाहेरची बाधा वाटायला लागली. एकदा म्हणालोसुद्धा, "भाऊ, लिंबू उतरवून टाकू काय?"

"तुह्यावरूनच उतरवतो," सुखदेवभाऊ म्हणाला.

* * *

दसऱ्याला आमचं दुकान बंद असायचं. सुखदेवभाऊ बौद्ध, दसऱ्याला घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. परत यायचा तेव्हा दुकानासमोर रेडिओंची रांग. दरसाल! आणि एकही लागत नसायचा.

कारण काय, तर दसऱ्याची पूजा! नांगर धुतात, मोटर धुतात, सायकल धुतात, तसे लोक रेडिओही... हो, धुवायचे! बटनात कुंकू, जाळीत हळद, आत अक्षता. एका रेडिओतून तर आम्ही झेंडूचं अख्खं फूल काढलं.

एक भाऊसाहेब आले, चांगल्या धोतरातले. त्यांच्या रेडिओतून पाणी गळत होतं. मी बोट लावलं, चिकट. वास घेतला, गोड!

"हे कायचं पाणी हाये?"

"नारळाचं."

"रेडिओपुढं फोडला?"

"पुढं कायले? पुढं फरशी चांगली हाये ना, तडकली असती. वरच फोडला!"

रेडिओच्या डोक्याला ही एवढी खोक! सुखदेवभाऊनं फडक्यानं पाणी टिपलं. मग हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, पुढच्या साली याले फक्त हात जोडा."

* * *

त्याच महिन्यात, भर बाजाराच्या दिवशी, पाटलांची गाडी आमच्या दारात. रस्त्यावर ही गर्दी! पाटील गाडीतून उतरलेच नाहीत. वरूनच ओरडले,

"सुखदेव! तुले रेडिओ दुरुस्त करता येत नाही तर कायले एवढी मोठी पाटी लावली बे?"

सगळा बाजार थांबला. आणि पाटीखाली कोण उभा? सुखदेवभाऊचा बाप! हातात रिकामी पिशवी.

सुखदेवभाऊ बाहेर आला. कान लालबुंद. म्हणाला, "पाटील, येत्या बाजाराच्या आत मी तुमच्या घरी येतो. रेडिओ तुमच्या घरात बोलला नाही, तर ही पाटी माह्या हातानं उतरवतो!"

माझ्या हातातली डागणी खाली पडली. अरे, काय बोलून बसला हा माणूस! चारचौघांत! पाटलांनी ऐकलं, बाजारानं ऐकलं, आता माघार कशी घेणार?

म्हातारा पिशवीची घडी करत राहिला.

* * *

त्या आठवड्यात सुखदेवभाऊचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच मानोऱ्याकडच्या एका लग्नातून बोलावणं आलं. जीपच पाठवली होती. गेलो तर मांडवात सुतकी कळा! नवरदेव रुसलेला. सासऱ्यानं साखरपुड्यातच विजेवरचा नवाकोरा रेडिओ दिला, आणि तो लागत नाही म्हणून वऱ्हाडासोबत परत आणलेला. "बंद रेडिओ देऊन फसवलं, मी बोहल्यावर चढत नाही!" नवरी आत रडते, तिचा बाप टोपी काढून उभा.

सुखदेवभाऊनं मांडवातल्या पॉइंटवर प्लग लावला. रेडिओ खणखणीत बोलायला लागला.

"लागते ना! कोन म्हनते बंद हाये?"

नवरदेवाचा काका पुढं झाला. "इथी लागते हो! आमच्या गावी लावून पाह्यला, तिथी नाही लागला."

"तुमच्या गावी लाईट हाये?"

"हाये ना! खांब गाडले सरकारनं. आमच्या घरासमोरच हाये खांब."

"अन् तार?"

"तार येईन पुढच्या साली."

मांडवात मग नवरीचा बाप मटकन खालीच बसला. माणसं हसत होती, पण मला त्या पोरीचं वाईट वाटलं. तारेवाचून तिचं लग्न मोडत होतं!

* * *

आणि मग आम्ही पाटलांच्या घरी गेलो.

ओसरीवर सगळं गाव जमलेलं. पाटील म्हणाले, "तू आत कायले येतं? रेडिओ अंगनात आनून देतो."

"पाटील, दुखनं घरात हाये. अंगनात पाहून काय करू?"

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. पाटलांनी मान हलवली. आम्ही दोघं बैठकीच्या खोलीत गेलो. रेडिओ तिथं, आतल्या भिंतीपाशी. गाव बाहेर, ओसरीवर.

बटन पाहिलं. पिना पुसल्या. लावला. मुका! डोक्यावर बल्ब जळतोय, आणि रेडिओ मुका! 

सुखदेवभाऊनं प्लग काढून पिनांवर बोट फिरवलं. आत्ताच पुसलेल्या पिना पुन्हा चिकट. मग मेनस्विच बंद केला आणि पेचकसानं भिंतीवरच्या पॉइंटच्या भोकात कोरलं. आतून काहीतरी पिवळट, मऊ निघालं. मेण! आणि त्याला लागलेलं लाल कुंकू.

बायका कपाळावर आधी मेण लावतात ना, कुंकू टिकावं म्हणून? ते मेण. पॉइंटची भोकं गच्च भरलेली!

मी "आई गं" म्हणून वर बघितलं, तर दारात पाटलीणबाई. हातात चहाचा ट्रे. नजर आमच्या हातातल्या मेणावर.

"बाई, विजेच्या भोकात मेन भरलं तुमी? मेल्या असत्या ना!" सुखदेवभाऊ कुजबुजला.

"आधी बटन बंद करतो भाऊ. मले मरायचं नाही." त्याही कुजबुजल्या, ट्रे खाली ठेवला. "हा रेडिओ आला तवापासून गाव ओसरीवर हाये. बातम्या झाल्या, चहा टाक. बाजारभाव झाले, चहा टाक. गाने लागले, जेवूनच जा म्हनते हे. चुलीपुढून उठनं नाही. पाय पाहा माहे."

पाय सुजून टम्म झाले होते.

"हा बंद राह्यला तवा मी दुपारची पडली भाऊ. लग्न होऊन आली या घरात, तवापासून पह्यल्यांदा दुपारची पडली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमच्या पाया पडतो, नका दुरुस्त करू."

बाहेरून पाटील ओरडले, "काय रे, लागते का?"

 मेण निघालं होतं. मेनस्विच वर करून बटन दाबलं की रेडिओ बोलणार होता. बाजारात शब्द दिलेला. बापाच्या नावाची पाटी!

सुखदेवभाऊनं ते मेण उचललं, अंगठ्यानं परत भोकात दाबून बसवलं, मेनस्विच वर केला आणि बाहेर गेला.

"नाही जमलं पाटील. माह्या हातानं नाही होत."

ओसरीवर जे हसू फुटलं, ते मला आजही ऐकू येतं. परतीच्या वाटेवर मी त्याच्यावर नुसता भडकलो होतो. "भाऊ, तुमचं डोकं फिरलं काय? काहून केलं असं?"

"चूप बस," एवढंच म्हणाला.

दुकानावर आल्याबरोबर त्यानं स्टूल लावला आणि पाटी उतरवली. बाजाराच्या दिवशी म्हातारा आला. मोकळ्या खिळ्यांकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. आत येऊन कोपऱ्यात बसला. सुखदेवभाऊनं पुढचा रेडिओ खोलायला घेतला. मला मात्र रडू येत होतं.

तेवढ्यात दारात चार-पाच बाया येऊन उभ्या राहिल्या. पाटलांच्याच गावच्या. प्रत्येकीच्या पदराखाली काहीतरी झाकलेलं. पुढची म्हणाली,

"पाटी दिसली नाही, लोकायले इचारत आलो. सुखदेवभाऊचं दुकान हेच ना?"

"हेच," सुखदेवभाऊ म्हणाला. "काय झालं? रेडिओ लागत नाही का?"

"लागते ना बाप्पा! सकायपासून लागते!" तिनं पदर बाजूला करून रेडिओ टेबलावर ठेवला. "पाटलीणबाईचा केला ना, तसाच आमचाबी करून द्या."