शुभदा नर्सिंग शिकलीच नाही

शुभदाचं डोकं फिरलं की ती भांडी घासते. इथे आखातात शुक्रवारी सुट्टी, म्हणून सकाळी मी रुमैथिया भागात तिच्या घरी गेले, तर कुकर लखलखत होता आणि ती तव्याच्या मागे लागली होती.

“गेली नोकरी,” ती म्हणाली. “कालची मुदत होती. दुसरीला दिली.”

आम्ही दोघी एकाच दवाखान्यात. मी लॅबमध्ये, ती वॉर्डात नर्स. आयर्लंडमधल्या डन लेअरी नावाच्या बंदरगावात तिला नोकरी मिळाली होती. लेक अक्षरा तिथेच कॉलेजात, म्हणजे सोन्याहून पिवळं! तीन वर्षांनी पोरीच्या हातचा चहा पिणार म्हणून बाई दवाखानाभर सांगत सुटली होती.

आणि आडवं काय आलं? नाव! माहेरची ही अबोली. लग्नात ताटात तांदूळ पसरून उल्हासरावांनी अंगठीने ‘शुभदा’ लिहिलं. लिहीनात का, रीतच आहे. पण आधीच उल्हास, त्यात लग्न फाल्गुनात! हौसेच्या भरात लग्ननोंदणीच्या अर्जात ‘वधूचं लग्नापूर्वीचं नाव’ विचारलं, तिथेही या माणसाने शुभदाच लिहिलं. झालं! पदवी अबोलीची, पासपोर्ट शुभदाचा. कागदोपत्री अबोलीचं लग्नच झालं नाही आणि शुभदा नर्सिंग शिकलीच नाही.

इथल्या दवाखान्यात साध्या प्रतिज्ञापत्रावर भागलं होतं. आयर्लंडसाठी नवं केलं, भारतीय वकिलातीत चार खेटे घातले. दर वेळी आयर्लंडहून तोच मेल: दोघी एकच आहेत, याचा पुरावा द्या.

“पुरावा म्हणे!” तिने तवा आपटला. “त्यांचं गाव आधी डन लेअरी. राजा येऊन गेला म्हणून किंग्जटाउन केलं. शंभर वर्षांनी पुन्हा जुनं नाव. त्या गावाकडे मागितला का कुणी पुरावा?”

“शुभदा, सोड ना आता,” उल्हासराव सोफ्यावरून म्हणाले. “इथे काय कमी आहे?”

मला असा राग आला! पण तिने हात पुसले, लॅपटॉप आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. राजपत्रातल्या नावबदलाचा अर्ज होता.

“पुढच्या खेपेला पदवीही अबोलीची आणि पासपोर्टही अबोलीचा. भरा.”

“मी?”

“मागचा तुम्हीच भरला होतात ना?”

ते भरत गेले. जुनं नाव, नवं नाव, पत्ता. शेवटच्या रकान्यापाशी बोट अडलं.

“कारण काय लिहू?”

“लिहा,” ती म्हणाली, “तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.”