सोनं लुटलं

ऐंशीच्या दशकात नेपरव्हिलला आम्ही व्हीसीआर घेतला आणि मला काउबॉयच्या पिक्चरांचं वेड लागलं, त्यातही इटालियन लोकांनी काढलेल्या विनोदी. एकात दोन बेरकी गडी चोरीच्या सोन्यामागे धावतात आणि वाटेत एकमेकांवर कुरघोड्या करतात. टीव्हीवरून तो माझ्याकडे अर्धाच टेप झाला होता. आठ वर्षांच्या मुलीला जेवताना मी ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचो, की दोघांनी सोनं कसं लुटलं हे तिला पाठ झालं होतं.

एका रविवारी दुपारी तो पिक्चर पुन्हा लागणार होता. मी ड्राइव्हवेतला बर्फ काढत होतो. मुलीनं दारातून ओरडून विचारलं, "बाबा, टीव्हीवर ठेवलेल्या टेपवर मराठीत 'सोनं लुटलं' लिहिलंय. इज दॅट युअर काउबॉय मूव्ही?"

मराठी शाळेतली अक्षरं तिनं पहिल्यांदाच आपणहून वाचली होती. मला कोण आनंद! वाटलं, माझ्या अर्ध्या टेपला बायकोनंच लेबल लावलंय.

"शाबास! त्यावरच रेकॉर्ड कर," मी म्हणालो.

आत आलो तेव्हा बायको नुकतीच न्हाऊन टीव्हीसमोर आली होती. पडद्यावर दोघं गडी चिखलात लोळत होते.

"हे बंद करा आणि माझ्या बाबांची टेप लावा," ती म्हणाली. "तुम्ही ग्रोसरीला गेला होता तेव्हा शेजारचे डॉक्टरकाका पुण्याहून आणलेली देऊन गेले. दसऱ्याची. इथंच ठेवली होती."

दसऱ्याला आपट्याची पानं वाटतात त्याला सोनं लुटणं म्हणतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? लेबलावरचं अक्षर मेव्हण्याचं असणार. डॉक्टरांनी इथला कॅमेरा नेऊन घेतलेली ती एकुलती एक टेप. दसऱ्यानंतर पंधरवड्यात सासरे गेले. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, त्यामुळे हिला जाता आलं नव्हतं. निदान टेपवर त्यांना डोळे भरून बघायचं, म्हणून ती आंघोळ करून आली होती.

मी धावत जाऊन रेकॉर्डिंग बंद केलं, टेप मागे नेली. सुरुवातीपासून नुसते घोडे, धूळ आणि मारामाऱ्या. मुलगी रडवेली होऊन विचारत होती, "पण मी बरोबर वाचलं ना?"

मग अचानक पुण्यातली गॅलरी दिसली. आरामखुर्ची रिकामी होती. शेजारी उभा राहून मेव्हणा कॅमेऱ्याकडे बघत हसत होता.

"ताई, बाबा आज तुझ्याशी किती बोलले बघ! एवढे कधी बोलत नाहीत. आता दमलेत, आत जाऊन पडलेत."