मेहरबान एजंटसाहेबांच्या सेवेशी

छापून एक ओळ आलेली नसताना अख्ख्या सासरवाडीला जिची धास्ती बसावी अशी कादंबरी जगात एकच आहे, आणि ती आमच्या साडूंनी लिहिली आहे. लिहिली आहे म्हणणंही खरं नाही. ते ती लिहीत आहेत. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून लिहीत आहेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीच्या कोर्टात दिवाणी वकिली करतात, म्हणून सासरचे सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. मी अकोल्याला जठारपेठेत राहतो आणि शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे कादंबरीशी माझं काही वाकडं असायचं कारण नव्हतं. पण कोर्टात तारीख नसली की वकीलसाहेब बस पकडून आमच्याकडे येतात, हातपाय धुतात आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत पिशवीतून गठ्ठा बाहेर काढतात. "साडूभाऊ, फक्त एक प्रसंग," असं म्हणतात. तो एक प्रसंग जेवणापर्यंत चालतो आणि बडीशेपेबरोबर पुन्हा सुरू होतो. एकदा तर बसमध्ये शेजारी बसलेल्या एका भल्या गृहस्थाला त्यांनी बडनेऱ्यापासून कथानक सांगायला घेतलं. त्या बिचाऱ्याला मूर्तिजापूरला उतरायचं होतं. तो अकोल्याला आमच्या घरी चहा पिऊन परत गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मानूस लय चांगला हाये हो, पन त्याईच्या नायकाले कोनीतरी कामधंद्याले लावा."

वकिली माणसाच्या हाडात मुरते ती अशी. वकीलसाहेबांच्या कादंबरीत नायिका पहिल्यांदा येते तीच मुळी 'जिचा उल्लेख यापुढे सोयीसाठी नायिका असा करण्यात येईल' अशी. नायक तिला प्रेमाची कबुली देतो ती दोन साक्षीदारांसमक्ष, कारण वकीलसाहेबांच्या मते तोंडी कबुलीला काही अर्थ नसतो, उद्या पलटली तर काय करता? पूर्वेला काय, पश्चिमेला काय अशी चतुःसीमा दिल्याशिवाय त्यांना चांदण्यात बसलेलं जोडपं सुद्धा दाखवता येत नाही. माझी मेहुणी एकदा वैतागून म्हणाली, "मले वाटलं होतं वकील नवरा आहे, निदान भांडण तरी करेल. हे तर नुसतं वाचूनच दाखवून राहिले!" पण एक गोष्ट माझ्यासारख्या गणितवाल्याच्याही लक्षात आली होती. कादंबरीत म्हातारा बाप आला, की सगळा कायदा गळून पडायचा आणि भाषा एकदम मोर्शीकडची, उघडीवाघडी, झणझणीत व्हायची. खाटेवर पडलेला बाप, त्याच्याभोवती जमलेले लेक, सुना, सोयरे आणि दारात संत्र्याची बाग पाहायला आलेला व्यापारी. सगळे वाट पाहताहेत, आणि म्हातारा जायचं नाव न घेता एकेकाची खोड काढतोय. ते ऐकताना मी घड्याळाकडे पाहायचं विसरत असे.

हा बाप म्हणजे त्यांचे वडील, आबा. ऐंशी ओलांडलेले, मोर्शीला राहणारे, संत्र्याच्या बागेत अजून काठी टेकत फिरणारे आणि ठणठणीत. आपण पुस्तकात आजारी आहोत हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "पोरगं लेखक झालं अन् पयलेच त्यानं बापाले खाटंवर निजोलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण त्यात तक्रारीपेक्षा ऐटच जास्त असे.

आता वकीलसाहेबांची इच्छा तशी लहानच होती. कुणातरी परक्या, जाणत्या माणसाने वाचावं आणि 'जमलं' एवढं म्हणावं. "घरचे वा वा म्हणतात ते जेवण थंडं होते म्हणून," ते मला म्हणाले. "परक्यानं म्हटलं पाहिजे, साडूभाऊ." तेवढ्यात त्यांना मोबाईलवर कुठेतरी शोध लागला, की आजकाल पुस्तकांचेही एजंट असतात. लेखकाने इंटरनेटवरच्या एका गटात पहिलं पान टाकायचं, एजंट ते वाचून अभिप्राय देतात, पसंत पडलं तर प्रकाशकाकडे नेतात. आमच्या भागात एजंट म्हटला की तो एक तर विम्याचा किंवा प्लॉटचा. आबांनी तर ऐकल्याबरोबर विचारलं, "म्हंजे अडत्याच ना? मंग त्याले सगया बगिचा दाखव. एका झाडावर भाव कसा करते तो?"

वकीलसाहेबांनी पहिलं पान पाठवलं, पण ते त्यांच्या रीतीने. सुरुवातीला 'मेहरबान एजंटसाहेबांच्या सेवेशी'. मग कादंबरीची हकीकत परिच्छेदवार, शेवटी 'तरी योग्य तो अभिप्राय देण्याची कृपा व्हावी, ही विनंती', आणि त्याखाली सत्यापन, की वर लिहिलेला सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. एका एजंटाने उलट कळवलं, की कादंबरी आहे, खरी नसली तरी चालेल. वकीलसाहेब दोन दिवस घुश्शात होते. दुसऱ्याने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ स्वागत की निरोप, यावर आमची फोनवर बरीच चर्चा झाली. तिसऱ्या होत्या पुण्याच्या एक बाई. त्यांनी मात्र पान खरोखर वाचलं होतं आणि प्रामाणिकपणे शंका विचारल्या होत्या.

कादंबरीची पहिली ओळ अशी आहे: 'माहा बाप मरून राहिला होता अन् ओसरीत व्यापारी संत्र्याचा भाव करून राहिला होता.' बाईंनी लिहिलं, 'सुरुवात धक्कादायक आहे. पण पहिल्याच ओळीत वडील मरण पावले आहेत, तर चौथ्या ओळीत चहा पांचट झाला म्हणून सुनेला कोण बोलतं? आणि घरात मृतदेह असताना व्यापारी भाव करून मुक्कामाला का राहिला?'

वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. मला वाटलं कुणी गेलं. "बाई म्हणतात बाप मेला!" ते ओरडत होते. "अहो, मेला कुठं? मरून राहिला! मरून राहिला म्हणजे मरतोय, अजून आहे ना!" वर्गातली पोरं माझ्याकडे पाहायला लागली. त्यांना त्यात न समजण्यासारखं काहीच दिसलं नसावं, कारण तीही दिवसभर येऊन राहिली, जाऊन राहिली असंच बोलतात. मी वर्गाबाहेर येऊन वकीलसाहेबांना सांगितलं, की पुण्यात राहणं म्हणजे मुक्काम करणं, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार? मग त्यांनी बाईंना व्याकरणाचा एक खुलासा पाठवला. त्यात दाखले इतके होते, की बाईंच्या जागी मी असतो तर खटला मागेच घेतला असता.

पण बाई खरंच समजूतदार निघाल्या. त्यांनी लिहिलं, 'आता कळलं, आणि आवडलंही. पण वाचक इतकं अख्खं पुस्तक वाट पाहणार नाही. वडील शेवटी जाणारच आहेत ना? मग पहिल्या प्रकरणात जाऊ द्या, तिथून गोष्ट हलेल. तसं पान पाठवलंत तर मी प्रकाशकाशी बोलते.'

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी दार किलकिलं केलं होतं. वकीलसाहेबांनी कोर्टात पुढची तारीख मागावी तशा सबबी सांगायला सुरुवात केली. आज डोकं दुखतं, उद्या वीज जाणार आहे. मी विचारलं तर म्हणाले, "तीन अक्षरांचंही नाही, साडूभाऊ, दोनच अक्षरांचं क्रियापद आहे. पण बोट रेटत नाही." शेवटी एका दुपारी त्यांनी ते पान लिहिलं, 'बाप मेला' असं त्यात घातलं, डोळे मिटून बाईंना पाठवलं आणि देवाला नमस्कार करून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बागेत छाती धरून खाली बसले.

मी अमरावतीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा आबांना आत नेलं होतं आणि वकीलसाहेब बाहेर बाकावर बसले होते. जन्मभर पुरावा मागत आलेला हा माणूस मला पाहताच म्हणाला, "मीच मारलं." मी म्हटलं, असं काही नसतं. ते मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही, पण तिथल्या त्या वासात ठाऊक असण्याचा काही उपयोग नव्हता. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. आबांचं काही झालं असतं तर हा माणूस पुन्हा कधी धड बोलला असता असं मला वाटत नाही.

मग त्यांनी एकदम मोबाईल काढला आणि पुण्याच्या बाईंना फोन लावला. तोवर सगळा व्यवहार लेखीच होता, आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. "बाई, कालचं पान वाचलं का हो? वाचू नका. वाचलं असेल तर इसरून जा. मी मागं घेऊन राहिलो ते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "आबा आत आहेत," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. फोन मी घेतला. बाई म्हणाल्या, "मी अजून उघडलेलंच नाही ते. त्यांना सांगा, आत्ताच काढून टाकते. कुणीच वाचलेलं नाही म्हणावं." मी तसं सांगितलं. वकीलसाहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला, की समोरच्या बाकावरच्या म्हातारीने त्यांना पाणी आणून दिलं.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला. वडील कसे आहेत? वकीलसाहेबांनी उत्तर टाइप केलं, 'लढून राहिले.' या वेळी पुण्याहून काही शंका आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र विचारणा आली: 'आज आबा काय करून राहिले?' वकीलसाहेबांनी तो मोबाईल मला दाखवला, मग मेहुणीला दाखवला, मग तिथल्या नर्सलाही दाखवला. आणि आबा खरोखर त्या दिवशी डोळे उघडून पाहू लागले होते. आम्हाला आत सोडलं तेव्हा लेकाचं तोंड बघून म्हणाले, "काहून रे, मी मेलो का काय? असं सुतकी तोंड करून काहून बसला?" मेहुणी रडायलाच लागली. मला इतकं हलकं वाटलं, की दवाखान्यासमोरच्या टपरीवर जाऊन मी उभ्या उभ्या गरम कचोरी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे तेव्हा आठवलं.

आबा आता अमरावतीलाच लेकाकडे असतात. कादंबरीत बाप पुन्हा खाटेवर आहे आणि सुनेच्या चहाला नावं ठेवतो आहे. बाईंनी स्वच्छ कळवलं, की अशी ही कादंबरी विकली जाणार नाही, कुठला प्रकाशक घेईल असं वाटत नाही, पण जमलं आहे. पुढची पानं आपल्याला वाचायला पाठवत जा, असंही त्यांनी लिहिलं. वकीलसाहेबांनी त्यातला 'जमलं' हा शब्द तेवढा घेतला आणि बाकीच्यावर अपील केलं नाही. आता ते दर दोन दिवसांनी थोडं लिहितात आणि संध्याकाळी आबांना वाचून दाखवतात. आबा मध्येच हरकत घेतात, "हे मी कवा म्हनलो?" आणि वकीलसाहेब हरकत मंजूर करून तिथल्या तिथे पेनाने खोडतात.

परवा मी गेलो होतो तेव्हा असंच वाचन चाललं होतं. आबा पूर्वीपेक्षा बारीक झालेत, ऐकता ऐकता दमतात. मध्ये थांबून त्यांनी विचारलं, "बाबू, अजून किती हाये रे पुस्तक?" वकीलसाहेबांनी पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "लय हाये, आबा," ते म्हणाले. "तुमी आयका निवांत." त्यांच्या मांडीवर तेव्हा लिहून झालेली दोनच पानं उरली होती. मला ती दिसत होती, आणि आबांनी चष्मा लावला होता, म्हणजे त्यांनाही दिसत असणार. पण ते "बरं" म्हणाले, लोडाला टेकले, आणि वकीलसाहेब नेहमीपेक्षा जरा हळू वाचू लागले.