बांधावरची लाकडं

तुमच्या घरामागच्या बागेत लाकडी कडांचे वाफे आहेत. मी तिकडे परदेशी आले होते तेव्हा तुम्ही दोघं नातवंडं त्या कडांवरून हात पसरून चालायचात आणि पाय घसरला की खाली मगर आहे असं ओरडायचात. ती लाकडं तुमच्या बाबांनी दुकानातून आणली होती. दोन बाजूंनी सपाट, दोन बाजूंनी गोल, सगळी एका मापाची. त्यांनी त्यांना भोकं पाडली, आतून लोखंडी सळ्या जमिनीत ठोकल्या आणि एकावर एक थर असा रचला की खालचा सांधा वरच्या लाकडाच्या मध्यावर यावा. मला ती शिस्त फार आवडली होती.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात इथे गिरीज गावात, आपल्या वाडीच्या बांधाला लागून मला लाकडांची रास दिसली, तेव्हा तिचा उपयोग मला चटकन सुचायला हवा होता. पण मला दुसरंच काहीतरी सुचलं, आणि ते डोक्यातून जाईना.

बांधापलीकडे वहिनी राहतात. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मी त्यांना वहिनी म्हणते आणि त्या मला टीचर म्हणतात, कारण मी माणिकपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. त्यांचं माहेर मिठागरांच्या बाजूचं, म्हणून त्या अजून पाण्याला पानी म्हणतात. विहीर त्यांच्या बाजूला आहे, पण पाणी दोन्ही घरांचं. दिवस वाटून घेतलेले आहेत. माझी पाळी असली की त्यांच्या वाडीतून पाटाने पाणी बांध ओलांडून आपल्या केळींना येतं. या व्यवस्थेवरून आमचं कधी भांडण झालेलं नाही, आणि वसईत हे सांगण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या फाटकातून माणूस येतो, फार तर स्कूटर. मोठी गाडी आत आणायची तर वहिनींच्या वाडीच्या कडेला जी मोकळी पट्टी आहे तिच्यावरूनच आणावी लागते. पट्टी त्यांची, पण तुमच्या आजोबांच्या वेळेपासून आपली शेणखताची गाडी तिथूनच येत आली. लाकडांची रास नेमकी त्या पट्टीवर पडली होती.

आमच्याकडे जमीन विकायची असली की कोणी पाटी लावत नाही. आधी कडेला दगडांची किंवा लाकडांची ओळ येते. मग त्या ओळीच्या आत पाडलेल्या इमारतींचा राडारोडा येऊन पडतो. त्याला भराव म्हणतात. जागा शेजारच्या जागेपेक्षा कमरेएवढी वर जाते आणि पावसाळ्यात तिचं पाणी शेजारच्या स्वयंपाकघरात शिरतं. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं घर असंच खड्ड्यात गेलं. तिच्या ओटीवर बसून रस्ता पाहायचा तर मान वर करावी लागते. दोन पावसाळे तिने फ्रिज टेबलावर ठेवून काढले आणि तिसऱ्याच्या आधी घर विकलं. आपलं घर तसं झालं तर मलाही विकावं लागेल, आणि मग मे महिन्यात तुम्ही यायचं कुठे? रास पाहून मला एवढंच दिसलं.

मी बांधाशी जाऊन विचारलं, "वहिनी, एवढं लाकूड कशाला?"

"वाफे करते."

"पट्टीवर?"

"तिथं ऊन चांगलं."

ऊन चांगलं होतं हे खरं, पण ते काल-परवा आलेलं नव्हतं. लाकडं कुठून आणली विचारलं तर म्हणाल्या, मिळाली. मग त्यांना एकदम चुलीवरचं काहीतरी आठवलं आणि त्या आत गेल्या. त्यांच्या घरात चूल पेटत नाही, गॅस आहे.

लाकडं मी नीट पाहिली. जुन्या घराचे सागवानी वासे होते ते, आणि एक जाड तुळई. तुळईला झोपाळ्याची लोखंडी कडी अजून तशीच होती. ती कडी मी ओळखली. वळणावरचं कौलारू घर पाडून तिथे इमारत उभी राहते आहे, त्या घराच्या माजघरातल्या झोपाळ्यावर मी कितीदा बसले आहे. म्हणजे लाकडं बिल्डरच्या जागेवरून आली होती. आणि वहिनींचा मुलगा आचोळ्याला जागांचे व्यवहार करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करतो. मी व्यवस्थित विचार करणारी बाई आहे. दोन गोष्टी शेजारी शेजारी पडल्या की त्यांच्यामध्ये रेघ ओढल्याशिवाय मला राहवत नाही.

रविवारी मुलगा कामाला लागला. त्याने तुमच्या बाबांसारख्याच सळ्या ठोकल्या, सांधे चुकवले, पण वासे जुने आणि वाकडे असल्यामुळे कोपऱ्यांत फटी राहिल्या. त्यांत त्याने कौलांचे तुकडे बसवले. मग गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून लाकडांना बाहेरून फासलं. वास आपल्या देवघरापर्यंत आला. खायच्या भाजीच्या वाफ्याला कोणी ऑइल लावतं का, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते त्याला विचारलंही.

"आँटी, वाळवी लागते ना इकडे," तो म्हणाला. "आतल्या साइडने नाय लावलं. आत प्लास्टिक टाकतोय."

उत्तर बरोबर होतं. पण एरवी हा मुलगा मला पाहिल्याबरोबर बाबांची, तुमची चौकशी करतो. त्या दिवशी तुमचं नावही काढलं नाही. खाली पाहून ब्रश मारत राहिला.

दुसरा थर चढला. वाफा गुडघ्याच्या वर आला. मग एक टेम्पो आला. मी कढीपत्ता तोडायचं निमित्त करून बांधाशी उभी राहिले, राडारोडा आहे का ते पाहायला. लाल माती होती, आणि तिच्यामागून शेणखत. वर माती दिसली म्हणजे खालीही मातीच असेल असं काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कढीपत्ता घेऊन परत आले. घरात त्या आठवड्यात कढीपत्त्याचा ढीग झाला होता.

त्यानंतर एक टेपवाला आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात मोजायची टेप. गल्लीत उभं राहून त्याने पट्टीची रुंदी मोजली, मोबाइलवर फोटो काढले, एक वहिनींच्या बाजूचा, एक आपल्या घराचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. वहिनी त्यांच्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी त्याला हटकलं नाही. अनोळखी कुत्रं आलं तरी हटकणारी बाई ती. मी मनात म्हटलं, ठरलेलं आहे.

चहाला येणं त्यांनी बंद केलं होतं. मीही बोलावलं नाही.

माझ्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी सकाळी मी पंप सुरू केला आणि मुद्दाम बांधाशी जाऊन उभी राहिले. पाट जिथे पट्टी ओलांडतो तिथेच त्या वाफ्याची लांब बाजू आली होती. दोन थर लाकूड, मागे दाबून भरलेली माती. पाणी अडणार हे उघड होतं, आणि ते अडावं असं मला वाटत होतं. अडलं म्हणजे पुरावा झाला. ज्याला भराव घालायचा असतो तो आधी शेजाऱ्याच्या पाण्याची वाट बुजवतो. वहिनींना काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं तेही मी तयार ठेवलं होतं.

पाणी आलं आणि वाफ्याच्या खालून सरळ आपल्या केळींकडे गेलं.

मी खाली वाकले. खालच्या थराच्या वाशाला तिथे खाच पाडली होती, व्यवस्थित, करवतीने. तिच्यात एकापुढे एक नळीची कौलं उताणी बसवून वाफ्याच्या पोटातून मोरी काढली होती, वर फरशीचे तुकडे ठेवले होते म्हणजे माती पडू नये. आपल्या पाण्याला तोंड ठेवलं होतं. उद्या सगळी जागाच बुजवायची असेल, तर माझ्या केळींसाठी एवढा खटाटोप कोण करेल?

मी पंप बंद केला नाही. तशीच वहिनींच्या पायरीवर गेले. त्या माठ निवडत होत्या. मी बसले नाही.

"वहिनी, भराव घालायचा असेल तर मला आधी सांगा. मला दुसऱ्याकडून कळायला नको."

त्यांनी वर पाहिलं. "भराव तर तुम्ही घालनार ना, टीचर."

"मी?"

"नाहीतर तो टेपवाला कोनाचा? माझ्याकडं तर कोनी आलं नाही. तुमच्या पोरानं पाठवला तिकडनं. आमच्या पोराच्या ऑफिसात समजलं ते. टीचरचं घर बघायला मानूस येनार."

मी म्हटलं, मला यातलं काही माहीत नाही.

"तसं आम्हीपन म्हनतो," त्या म्हणाल्या. "पोरगा काय करतो आम्हाला काय माहीत."

हे मला लागलं, आणि लागावं म्हणूनच त्यांनी ते म्हटलं होतं. मग त्यांनी माठाची जुडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. आपलं घर विकलं तर भराव आपल्या वाडीत पडणार आणि पाणी त्यांच्या घरात शिरणार. त्यांनीही माझ्या त्या मैत्रिणीचं घर पाहिलेलं आहे. पण लॉरी आत न्यायची तर वाट एकच, त्यांच्या पट्टीवरून. म्हणून त्यांनी मुलाला वळणावरच्या घराची लाकडं मागून आणायला लावली. मला सांगितलं असतं तर मी तुमच्या बाबांना सांगितलं असतं, असा त्यांचा हिशेब होता.

"म्हटलं वाटेतच दुधी लावते. फळाला आलेल्या वेलीवरनं कोन लॉरी घालतो बघू."

म्हणजे ते वाफे माझ्याविरुद्धच होते. माझा संशय अगदीच खोटा नव्हता, याचं मला त्याही वेळी थोडं समाधान वाटलं. मी विचारलं, मग पाण्याला तोंड कशाला ठेवलंत?

त्यांना प्रश्नच कळला नाही. "तुमची पाळी असते ना," त्या म्हणाल्या. "पानी मग कुठनं जानार?"

मी बसले. चहा झाला. पंप चालूच राहिला आणि केळींत तळं साचलं.

संध्याकाळी तुमच्या बाबांना फोन केला. तो माणूस आपणच पाठवल्याचं त्यांनी लगेच कबूल केलं. विकायचं वगैरे काही नाही, नुसती माहिती हवी होती, असं म्हणाले. मग माझे गुडघे, पावसाळा, एकटं राहणं, हे सगळं आलं. माणिकपूरला स्टेशनजवळ लिफ्टचा छान फ्लॅट मिळेल, हेही आलं, म्हणजे माहिती बरीच गोळा झाली होती. मी जन्मभर वर्गावर उभी राहिले आहे. नुसतं बघत होतो, असं सांगणाऱ्या मुलाचा आवाज मला ओळखू येतो. तुमचे बाबा प्रेमाने करतात हे मला माहीत आहे. तरीही मला न विचारता माझ्या घराला टेप लागली, आणि ते मला माझ्या आधी माझ्या शेजारणीला कळलं.

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या मुलाला विचारलं, लाकडं उरली आहेत का. दोन वासे आणि ती झोपाळ्याची तुळई उरली होती. तुळई फार जड म्हणून त्याने बाजूला ठेवली होती. आता तो वर पाहून बोलत होता, आणि तुमची चौकशीही केली. पुढच्या रविवारी त्याने वहिनींच्या वाफ्याला लागूनच, पट्टी आपल्या वाडीला मिळते तिथे, माझा वाफा बांधून दिला. सळ्या, चुकवलेले सांधे, बाहेरून ऑइल, आत प्लास्टिक. तुळई वरच्या थराला ठेवली, कडी वर करून. पाटाची मोरी माझ्या वाफ्याखालूनही नेली. ती बसवताना वहिनी स्वतः उभ्या राहिल्या, उतार माझ्या बाजूला नीट आहे ना ते पाहायला. की त्यांच्या बाजूला पाणी तुंबत नाही ना ते पाहायला, हे मी विचारलं नाही.

आता तिथून लॉरी काय, हातगाडीही जात नाही. खताची गोणी डोक्यावरून आणावी लागते. वहिनींचा दुधी माझ्या वाफ्यावर चढला आहे आणि त्या कडीतून सुतळी ओढून मी त्याला आधार दिला आहे. जो दुधी माझ्या बाजूला लोंबतो तो माझा, असं त्यांनी परस्पर ठरवलं. वेल मात्र रोज सकाळी थोडी त्यांच्या बाजूला वळवलेली दिसते.

गल्लीत अनोळखी रिक्षा थांबली की त्या अजून पायरीवर येतात. रिक्षा गेली की बांधावरून विचारतात, "कोन आलं होतं, टीचर?" मी खरं ते सांगते. त्या ऐकून घेतात, आणि मग त्यांच्या मुलाला विचारून खात्री करतात, हेही मला माहीत आहे. मीही त्यांच्या वाफ्यांच्या कडेने रोज फेरी मारते, मोरीचं तोंड मोकळं आहे ना ते पाहायला.

मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा तुळईवरून चाला. ती तुमच्याकडच्या लाकडांपेक्षा रुंद आहे. फक्त कडीला अडखळू नका. आणि निघण्याआधी बाबांच्या बॅगेत एकदा डोकवा. टेप दिसली तर मला फोन करा.