‘काही’ या एका शब्दासाठी भांडलेल्या नसीम मॅडम

नसीम मॅडमची आणि माझी पहिली भेट लातूरमधल्या एका नावाजलेल्या स्पर्धा परीक्षा क्लासच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत झाली. तिथे तिसरी बॅच बसायची. आठवड्याच्या चाचणीत गुण घसरले की मुलांची रवानगी तिकडे व्हायची. मी रेणापूर तालुक्यातल्या खेड्यातली. पहिल्या बॅचमधून एका प्रश्नामुळे तिथे येऊन पडले होते.

प्रश्न विधाने आणि निष्कर्षांचा होता. विधान : काही शिक्षक कवी आहेत. निष्कर्ष : काही शिक्षक कवी नाहीत. हा निष्कर्ष निघतो का? मी ‘निघत नाही’ असे लिहिले. क्लासच्या छापील उत्तरांत ‘निघतो’ असे होते. माझे गुण कापले गेले.

मॅडम त्या खोलीत बुद्धिमत्ता चाचणी शिकवत. माझी उत्तरपत्रिका पाहून त्यांनी विचारले, “हे असं का लिहिलंस?”

मी भीत भीत म्हणाले, “मॅडम, काही शिक्षक कवी हायेत म्हणलंय. म्हणून बाकीचे न्हाईत, असं कुठं म्हणलंय?”

“बरोबर आहे. मग तू इथं काय करून राहिलीस?” एवढे बोलून त्या मला घेऊन थेट संचालकांच्या केबिनमध्ये गेल्या.

संचालक हसले. “एका प्रश्नासाठी एवढा तमाशा, मॅडम? घेऊ तिला वरच्या बॅचमध्ये. विषय संपला.”

“संपला कसा? तिन्ही बॅचकडून हे गलत उत्तर पाठ करून घेतलंय आपण. पोरं परीक्षेत हेच लिहून येतील.”

“आता चूक कबूल केली तर पालकांपुढं क्लासची काय इज्जत राहील?”

“आणि पोरांचं वर्ष वाया गेलं तर, सर?”

दुसऱ्या दिवशी मॅडम परवानगी न विचारता मोठ्या हॉलमध्ये गेल्या. त्यांचे वडील औशाच्या मोंढ्यात धान्याचे दलाल होते. मॅडम सगळ्या मुलांना म्हणाल्या, “तुरीच्या पोत्यातून मूठभर तूर काढली, ती किडकी निघाली. म्हणून उरलेली चांगली आहे, असं माझे अब्बा कधी म्हणले नसते. सगळं पोतंसुद्धा किडकं असू शकतं. ‘काही’ म्हणजे आपल्याला तेवढंच कळलंय. बाकीचं ठाऊक नाही.” मग त्यांनी फळ्यावर बरोबर उत्तर लिहिले आणि सर्वांना ते उतरवून घ्यायला लावले.

पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात त्यांचे नाव नव्हते. आम्हाला सांगण्यात आले, मॅडमनी तब्येतीमुळे काम सोडले. हे धडधडीत खोटे होते. मॅडम ठणठणीत होत्या. त्यांना काढले होते. चौकाचौकांत स्वतःचे फलक लावणाऱ्या त्या माणसाला फळ्यावरची एक दुरुस्ती सहन झाली नाही! आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत तेच चुकीचे उत्तर पुन्हा छापलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले छापलेले सगळे खरे मानतात. त्यांच्या विश्वासाची ही किंमत!

मॅडम नांदेडला आपल्या घरी परतल्या आणि पुढच्या खोलीत शिकवू लागल्या. मीही नांदेड गाठले. तिथे ‘ट्रिक’ हा शब्द काढायला बंदी होती. हदगावच्या एका मुलाने एकदा म्हणून पाहिले, “मॅडम, लई वेळ लागतो ह्याला. शॉर्टकट सांगा की.” मॅडमनी त्याला फळ्याशी उभे केले. “शिक्षकांचं एक, कवींचं एक, अशी वर्तुळं काढ. एक चित्र निघालं की थांबू नको. निष्कर्ष मोडणारं दुसरं चित्र निघतं का बघ. नाहीच निघालं, तर निष्कर्ष खरा.” तो घाम पुसत वर्तुळे काढत राहिला आणि शेवटी स्वतःच हसला. “निघालं, मॅडम! मोडला!”

माझे परीक्षा केंद्र सोलापूरला आले. घरी सोयाबीनची काढणी चालू होती, सोबत यायला कुणी नव्हते. मॅडम एसटीने माझ्याबरोबर आल्या आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर एका रसवंतीच्या बाकावर बसून राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी पेपरचे विचारले नाही, आधी जेवायला बसवले. परतीच्या गाडीत मात्र त्यांना राहवले नाही. “‘काही’चा प्रश्न आला होता?” आला होता, आणि मी तो बरोबर सोडवला होता. त्या क्लासची किती मुले त्याच प्रश्नावर चुकली असतील, या विचाराने मॅडम लातूर येईपर्यंत धुमसत होत्या. आज मी सरकारी कार्यालयात नोकरी करते आणि संध्याकाळी मॅडमच्या हाताखाली शिकवते.

मॅडमच्या साठीनिमित्त हा लेख मागवणाऱ्या गौरव समितीतल्या एका सदस्यांनी मला सुचवले की शुभप्रसंगी हा कडवट भाग गाळावा. मी गाळणार नाही. मॅडमचे मोठेपण सांगायचे आणि त्यांना काढणाऱ्यांना झाकायचे, हे मला जमणार नाही.

नसीम मॅडम यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या डोळ्यांवरील शस्त्रक्रिया नीट पार पडो, गुडघे त्यांना साथ देवोत, त्यांना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. जिथे मुलांना चुकीचे शिकवले जाईल तिथे त्या अशाच न विचारता आत शिरोत, आणि त्या दिवशी त्यांच्यामागे आम्ही सगळे असू.